डोरिस फिट्शेन : बचावफळीची राखणदार

फुटबॉलच्या खेळात कीर्तीची वाटणी फार विषम असते. जो गोल करतो त्याचे नाव सर्वतोमुखी होते. जो गोल होऊ देत नाही त्याचे नाव सामना संपण्यापूर्वीच लोक विसरून जातात. याचे कारण उघड आहे. गोल ही घडलेली घटना असते. ती डोळ्यांना दिसते, धावफलकावर नोंदली जाते. बचावपटूचे यश मात्र न घडलेल्या घटनांत असते. जो फटका मारलाच गेला नाही, जी वाट वेळीच अडविली गेली, जे संकट येण्यापूर्वीच टळले, त्याचा हिशेब कोणी ठेवावयाचा? किल्ल्याच्या दरवाज्यावर रात्रभर जागणाऱ्या पहारेकऱ्यासारखीच ही गोष्ट आहे. रात्र सुखरूप पार पडली म्हणून सकाळी कोणी त्याचे अभिनंदन करीत नाही.

जर्मनीच्या डोरिस फिट्शेन या अशाच एक राखणदार. १९८६ ते २००१ अशी पंधरा वर्षे त्या आपल्या देशाच्या महिला संघातून खेळल्या. १४४ आंतरराष्ट्रीय सामने, चार युरोपीय विजेतेपदे आणि ऑलिंपिकचे एक कांस्यपदक ही त्यांच्या कारकिर्दीची ठळक बेरीज होय. तथापि, त्यांचे चरित्र समजून घेण्याजोगे आहे ते केवळ या आकड्यांसाठी नव्हे. ज्या देशात स्त्रियांनी फुटबॉल खेळणे हेच एके काळी निषिद्ध होते, त्या देशात हा खेळ उपहासातून सन्मानापर्यंत कसा पोहोचला, याची कथा त्यांच्या आयुष्यात गुंफलेली आहे.

या कथेचा प्रारंभ फिट्शेन यांच्या जन्माच्याही आधी होतो. १९५४ साली पश्चिम जर्मनीच्या पुरुष संघाने बर्न येथे विश्वचषक जिंकला आणि युद्धाने खचलेल्या त्या देशात फुटबॉलचे वारे संचारले. मुलींनाही साहजिकच खेळावेसे वाटू लागले. परंतु पुढच्याच वर्षी, १९५५ च्या जुलै महिन्यात, जर्मन फुटबॉल संघटनेने आपल्या सभासद क्लबांवर बंदी घातली. महिलांचे संघ काढावयाचे नाहीत, त्यांना मैदान द्यावयाचे नाही आणि त्यांच्या सामन्यांना पंचही पुरवावयाचे नाहीत, असा तो ठराव होता. या झुंजीच्या खेळात स्त्रीच्या देहाला आणि मनाला इजा पोहोचते, तिचे लावण्य नाहीसे होते आणि अंगप्रदर्शन सभ्यतेला शोभत नाही, अशी कारणे त्यासाठी देण्यात आली. या बाबतीत जर्मनी एकटा नव्हता. फुटबॉलचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या इंग्लंडनेही १९२१ साली असाच निर्बंध घातला होता आणि तो जवळजवळ पन्नास वर्षे टिकला.

बंदीमुळे खेळ थांबला मात्र नाही. १९५६ साली एसेन येथे जर्मन आणि डच महिलांचा एक अनधिकृत सामना झाला, तेव्हा तो पाहावयास हजारो लोक लोटले. अखेर ३१ ऑक्टोबर १९७० रोजी संघटनेने बंदी उठविली. पण ती उठवितानाही मनातली शंका गेली नव्हती. महिलांचा सामना तीस-तीस मिनिटांच्या दोन डावांचा असावा, चेंडू हलका असावा, बुटांना खिळे नसावेत, थंडीच्या दिवसांत सामने होऊ नयेत, अशा अटी घालण्यात आल्या. जणू परवानगी देणारा हात दाराची कडी अजून सोडावयास तयार नव्हता. या अटी पुढे एकेक करून गळून पडल्या. परंतु पुरुषांप्रमाणे पूर्ण नव्वद मिनिटांचा सामना जर्मन महिलांच्या वाट्याला यावयास १९९० नंतरचे दशक उजाडावे लागले.

बंदी उठली तेव्हा डोरिस फिट्शेन दोन वर्षांच्या होत्या. त्यांचा जन्म २५ ऑक्टोबर १९६८ चा, उत्तर जर्मनीतील त्सेवेन या लहानशा गावचा. हा प्रदेश सपाट, शेतीवाडीचा. मोठ्या शहरांच्या क्लबांपासून दूर. जवळच्या हेसेडॉर्फ येथील क्लबात त्या खेळू लागल्या. राष्ट्रीय महिला संघ त्या वेळी अस्तित्वातच नव्हता. जर्मन महिलांचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला तो १० नोव्हेंबर १९८२ रोजी, कोब्लेन्झ येथे, स्वित्झर्लंडविरुद्ध. म्हणजे फिट्शेन यांच्या लहानपणी 'मोठेपणी देशासाठी खेळेन' असे म्हणावयासही मुलीपुढे काही उदाहरण नव्हते. त्या चौदा वर्षांच्या झाल्या तेव्हा कोठे ते उदाहरण निर्माण झाले. आणि त्यानंतर चारच वर्षांनी, ऑक्टोबर १९८६ मध्ये, वयाला अठरा वर्षे पूर्ण होण्यास थोडे दिवस उरले असताना, डेन्मार्कविरुद्धच्या सामन्यात त्या स्वतःच राष्ट्रीय संघाचा गणवेश घालून मैदानात उतरल्या.

फिट्शेन यांची मैदानावरील जागा कोणती होती, हे येथे थोडे स्पष्ट करावयास हवे. जर्मन फुटबॉलमध्ये त्या काळी बचावफळीच्या मागे, गोलरक्षकाच्या पुढे, एक खेळाडू मोकळा ठेवीत असत. इटालियन भाषेतील 'लिबेरो', म्हणजे मोकळा, या शब्दानेच तो ओळखला जाई. इतर बचावपटूंवर प्रतिस्पर्ध्याच्या एकेका आघाडीपटूची जबाबदारी असे. तो जाईल तिकडे सावलीप्रमाणे जावयाचे, हे त्यांचे काम. लिबेरोवर मात्र अशी एका माणसाची जबाबदारी नसे. सर्वांच्या मागे राहून संपूर्ण मैदान नजरेखाली ठेवावयाचे, जेथे सहकारी चुकेल तेथे धावून जावयाचे आणि चेंडू हाती लागताच तो पुढे नेऊन चढाईचा आरंभ करून द्यावयाचा, अशी ही दुहेरी कामगिरी. पुरुषांच्या खेळात फ्रान्झ बेकेनबाउअर यांनी या जागेला राजवैभव मिळवून दिले होते.

ही जागा दिसावयास मोकळी. परंतु तिच्यासारखी बांधलेली जागा दुसरी नाही. आघाडीपटूने दहा संधी दवडल्या आणि अकरावी साधली, तर तो वीर ठरतो. लिबेरोने दहा संकटे निवारली आणि अकराव्या वेळी पाऊल चुकले, तर पराभवाचे खापर त्याच्याच माथी फुटते. त्याच्या मागे चूक सावरणारे कोणी नसते. म्हणून या जागेसाठी केवळ धावण्याचे बळ पुरत नाही. दोन पावले पुढचे पाहणारी नजर आणि न डळमळणारे चित्त लागते. फिट्शेन यांनी राष्ट्रीय संघासाठी १६ गोलही केले, यावरून चढाईतही त्यांचा हात होता हे दिसेल. पण त्यांचा खरा लौकिक या शांत नजरेचा होता.

त्यांना आणि त्यांच्या सहकारी खेळाडूंना देशाने प्रथम ओळखले ते १९८९ साली. त्या वर्षी महिलांच्या युरोपीय अजिंक्यपदाची अंतिम फेरी जर्मनीत भरली होती. गेरो बिझान्त्स हे संघाचे प्रशिक्षक होते. सीगेन येथील उपांत्य सामना इटलीविरुद्ध झाला आणि महिलांचा फुटबॉल सामना जर्मन दूरदर्शनवर थेट दाखविला गेला तो याच वेळी प्रथम. बरोबरीनंतर पेनल्टीच्या फटक्यांवर निकाल लागला. गोलरक्षक मारिऑन इझबर्ट यांनी प्रतिपक्षाचे फटके अडविले आणि निर्णायक फटका स्वतःच मारून गोल केला. हे नाट्य घराघरांत पाहिले गेले. त्यानंतर २ जुलै रोजी ओस्नाब्रुकच्या मैदानावर अंतिम सामन्यासाठी सुमारे बावीस हजार प्रेक्षक जमले. प्रतिपक्ष होता गतविजेता नॉर्वे. जर्मनीने तो सामना चार विरुद्ध एक अशा गोलफरकाने जिंकला.

या विजयाबद्दल संघटनेने प्रत्येक खेळाडूला एक बक्षीस दिले. ते रोख रकमेचे नव्हते. तो होता कॉफीच्या पेल्याबशांचा एक संच, फुलांच्या नक्षीचा.

हा कॉफीसंच जर्मनीत पुढे दंतकथेसारखा प्रसिद्ध झाला. देणाऱ्यांच्या मनात अपमानाचा हेतू होता असे म्हणण्याचे कारण नाही. हौशी खेळाडूंना पैसे द्यावयाचे नाहीत, असा दंडक पाळला जाई; आणि स्त्रियांना काय आवडेल याचा विचार करणाऱ्यांना घर आणि स्वयंपाकघर यांपलीकडचे काही सुचले नाही, इतकेच. परंतु नेमके यातच त्या बक्षिसाचे मर्म आहे. मैदान जिंकून आलेल्या स्त्रीला समाजाने पुन्हा कपबशीच्या फळीपाशी नेऊन उभे केले. त्या काळच्या खेळाडूंनी पुढे ही आठवण बहुधा हसतहसत सांगितली. पण त्या हसण्यामागे एक साधा प्रश्न होताच : आमच्या श्रमाचे मोल तुम्ही कशाने करता?

या प्रश्नाचे व्यावहारिक रूप अधिक कठीण होते. फुटबॉलवर पोट भरता येईल अशी सोय त्या वेळी जर्मनीतील कोणत्याही स्त्रीला नव्हती. शिक्षण किंवा नोकरी सांभाळून संध्याकाळी सराव आणि सुटीच्या दिवशी सामने, असा हा क्रम. राष्ट्रीय पातळीवरील महिला लीग, म्हणजे बुंडेसलीगा, १९९० साली सुरू झाली, तीही आरंभी उत्तर व दक्षिण अशा दोन गटांत. तिचा एकच गट झाला तो १९९७ मध्ये. फिट्शेन हेसेडॉर्फहून वोल्फ्सबुर्गच्या क्लबात आल्या, तेथून सीगेनला आणि १९९६ मध्ये फ्रँकफर्टला. सीगेनच्या संघाबरोबर त्यांनी १९९४ व १९९६ ची राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली, तर १९९९ साली फ्रँकफर्टच्या संघाबरोबर अजिंक्यपद आणि चषक अशी दोन्ही.

राष्ट्रीय संघाची वाटचालही चढउतारांची होती. १९९१ साली डेन्मार्कमध्ये जर्मनीने पुन्हा नॉर्वेला हरवून युरोपीय अजिंक्यपद राखले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक भरला. तेथे उपांत्य सामन्यात अमेरिकेने जर्मनीचा पाच विरुद्ध दोन असा पराभव केला आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात स्वीडननेही त्यांना हरविले. बचावफळीच्या दृष्टीने हा मोठा कटू धडा होता. अमेरिकेच्या खेळाडू वेगवान होत्या. समोरच्या फळीवर त्या सतत दडपण आणीत. एका देशाच्या सवयीने जगाचा खेळ चालत नाही, हे जर्मनीला तेव्हा उमगले. पुढे १९९५ साली जर्मनीने युरोपीय अजिंक्यपद मिळविले आणि विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंतही मजल मारली. परंतु त्या यशात फिट्शेन यांचा वाटा नव्हता. त्या वेळी त्या संघात नव्हत्या. देशाचा संघ आपल्यावाचूनही पुढे जातो, हे पाहून परत येणे कोणत्याही खेळाडूला सोपे नसते. त्या परत आल्या.

परतल्यानंतरची वर्षे त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत परिपक्व म्हणावी लागतील. १९९६ पासून टीना थ्यून या संघाच्या प्रशिक्षक झाल्या. १९९७ साली नॉर्वे व स्वीडन या देशांत झालेल्या युरोपीय स्पर्धेत जर्मनीने इटलीला दोन गोलांनी हरवून अजिंक्यपद जिंकले. त्या स्पर्धेतील पाच सामन्यांत जर्मनीवर मिळून एकच गोल झाला. पहारेकऱ्याच्या कामाचा हिशेब कोणी ठेवीत नाही, असे आरंभी म्हटले. पण कधी कधी तो असा आपोआप मांडला जातो.

१९९९ च्या विश्वचषकात जर्मनीची गाठ उपउपांत्य फेरीतच यजमान अमेरिकेशी पडली. वॉशिंग्टनजवळच्या मैदानावर पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक होते. जर्मनीने दोनदा आघाडी घेतली आणि दोन्ही वेळा ती निसटली. अखेर तीन विरुद्ध दोन असा पराभव पदरी आला. अमेरिकेने पुढे तो विश्वचषक जिंकला. पुढच्या वर्षी सिडनी ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात नॉर्वेविरुद्ध एका गोलाने हार झाली. परंतु ब्राझीलला हरवून जर्मन महिलांनी कांस्यपदक मिळविले. ऑलिंपिकमधील फुटबॉलचे जर्मन महिलांचे हे पहिले पदक होय.

यानंतर आले २००१ साल. युरोपीय अजिंक्यपदाची अंतिम फेरी पुन्हा जर्मनीत भरली होती. ७ जुलै रोजी उल्म येथे जर्मनी आणि स्वीडन यांच्यातील अंतिम सामना नव्वद मिनिटे गोलशून्य राहिला. त्या काळी 'सुवर्णगोला'चा नियम होता. जादा वेळेत जो संघ पहिला गोल करील तो तत्क्षणी विजयी, असा तो नियम. आघाडीपटूंना यात अमरत्वाची संधी दिसे. बचावपटूंना मात्र यात डोक्यावर टांगलेली तलवार दिसे. एक चूक झाली की सामना संपला. भरपाईला सवड नाही. अशा त्या मिनिटांत जर्मन बचावफळी ढळली नाही आणि अठ्ठ्याण्णवाव्या मिनिटाला क्लाउडिया म्युलर यांनी सुवर्णगोल केला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत नाव झळकले ते म्युलर यांचे. आणि ते योग्यच होते. परंतु याही स्पर्धेतील पाच सामन्यांत जर्मनीने तेरा गोल केले आणि एकच स्वीकारला, ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही. फिट्शेन यांचे हे चौथे युरोपीय अजिंक्यपद.

त्याच वर्षी त्यांच्या आयुष्यात आणखी एक गोष्ट घडली. अमेरिकेत महिलांसाठी संपूर्ण व्यावसायिक स्वरूपाची फुटबॉल लीग सुरू झाली. फुटबॉल हाच खेळाडूंचा पेशा, त्याचेच वेतन, अशी ती व्यवस्था. जगातील नामांकित खेळाडू तेथे गेल्या. फिट्शेन फिलाडेल्फियाच्या संघातून खेळल्या आणि पहिल्याच हंगामात लीगमधील सर्वोत्कृष्ट बचावपटू म्हणून त्यांची निवड झाली. जे मोल त्यांच्या देशात कॉफीच्या पेल्यांनी झाले होते, ते बारा वर्षांनंतर परक्या भूमीत असे चुकते झाले. ती लीगही फार काळ टिकली नाही. खर्चाचा मेळ न बसल्यामुळे २००३ साली ती बंद पडली. पण स्त्रियांचा फुटबॉल हा पेशा होऊ शकतो, हे तिने एकदा दाखवून दिले.

२००१ सालीच फिट्शेन यांनी खेळातून निवृत्ती पत्करली. त्यानंतर दोनच वर्षांनी जर्मन महिलांनी विश्वचषक जिंकला आणि २००७ साली तो राखलाही. ज्या खेळाडूने पंधरा वर्षे हा पाया बांधला तिच्या संग्रहात विश्वचषकाचे सुवर्णपदक नाही, ही दैवाची एक उणी बाजू म्हणावी लागेल. परंतु पाया बांधणाराच्या नशिबी कळस चढविणे असतेच असे नाही.

मैदान सुटले तरी काम सुटले नाही. फिट्शेन जर्मन फुटबॉल संघटनेच्या सेवेत रुजू झाल्या. म्हणजे ज्या संघटनेने एके काळी बंदी घातली होती आणि पुढे कॉफीसंच दिला होता, तिच्याच कचेरीत. २००९ साली राष्ट्रीय महिला संघाच्या व्यवस्थापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. प्रवास, निवास, सरावाची सोय, पुरस्कर्त्यांशी वाटाघाटी, वृत्तपत्रांशी संबंध ही सारी कामे या पदाकडे येतात. त्यांच्या व्यवस्थापनाच्या काळात जर्मन संघाने २००९ व २०१३ ची युरोपीय अजिंक्यपदे मिळविली. पुढे संघटनेने स्त्रियांचा खेळातील आणि कारभारातील सहभाग वाढविण्यासाठी २०२७ पर्यंतची एक योजना आखली, तिच्याही कामाची धुरा त्यांनी वाहिली. लिबेरोचे कामच त्या कचेरीत बसून करीत होत्या, असे म्हटल्यास वावगे होणार नाही : सर्वांच्या मागे उभे राहून सारे मैदान नजरेखाली ठेवावयाचे आणि चेंडू पुढच्यांच्या पायी सोपवावयाचा.

मधल्या काळात केवढे अंतर कापले गेले हे पाहावयाचे असेल, तर २०२२ सालाकडे वळावे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये झालेल्या युरोपीय स्पर्धेपूर्वी जर्मन संघटनेने विजेतेपदासाठी प्रत्येक खेळाडूस ६०,००० युरो जाहीर केले होते. वेंब्ली येथील अंतिम सामन्यास ८७,१९२ प्रेक्षक हजर होते आणि जर्मनीत सुमारे पावणेदोन कोटींहून अधिक लोकांनी तो दूरचित्रवाणीवर पाहिला. जर्मनीचा त्या सामन्यात पराभव झाला. पण १९८९ च्या विजयाला जे मिळाले नव्हते ते २०२२ च्या पराभवाला मिळाले. पुरुष खेळाडूंना जाहीर होणाऱ्या रकमा याहून कितीतरी मोठ्या होत्या, हेही खरे. म्हणजे वाट बरीच सरली असली तरी संपलेली नव्हती.

१५ मार्च २०२५ रोजी, वयाच्या अवघ्या छप्पन्नाव्या वर्षी, डोरिस फिट्शेन यांचे निधन झाले. १९८९ च्या त्या कॉफीसंचाला आता डॉर्टमुंड येथील फुटबॉल संग्रहालयात स्थान मिळाले आहे. लहान मुली तो काचेआड पाहतात आणि विजेत्यांना असे बक्षीस का दिले असेल, असा प्रश्न त्यांना पडतो. एके काळी जे स्वाभाविक वाटत होते ते आज समजावून सांगावे लागते, यातच एका पिढीच्या कष्टांचे सार्थक आहे. अन्याय मोडून काढणारी माणसे नेहमी गर्जनाच करतात असे नाही. काही माणसे आपल्या जागेवर उभी राहून, सामन्यामागून सामना, आपले काम इतके नेटके करीत जातात की त्यांना नाकारण्याची कारणेच हळूहळू संपून जातात. डोरिस फिट्शेन त्यांपैकी होत्या.